नववी पायरी

कार्ड टेबलाच्या कडेला सरकवताना बेरिलच्या बोटांतून निसटलं आणि जमिनीवर पालथं पडलं. दोष बोटांचाच. केमो संपून तीन वर्षं झाली तरी बोटांच्या टोकांना अजून जाग आलेली नव्हती. कपाचा कान, कोटाचं बटण, काहीही धरलं तरी आपण ते धरलंय हे डोळ्यांनी बघूनच कळायचं. ती वाकली. वाचायचा तिचा मुळीच विचार नव्हता. सगळ्याच कार्डांच्या पुढच्या बाजूला आतड्याच्या कर्करोगाबद्दलचा एकेक प्रश्न होता, नीट इस्त्री केलेला, आणि मागे लोकांनी पाठवलेली मूळ वाक्यं, नाव न लावता, जशीच्या तशी. सकाळपासून मागची बाजू कुणी फारशी बघितली नव्हती, वेळच नव्हता. पण चष्मा नाकावर होता आणि अक्षरं मोठी होती. 'तक्रार नाही. बायको आता ठणठणीत आहे. ती जिना चढते तेव्हा मी अजून पायऱ्या मोजतो. तेरा आहेत. नववीवर आवाज थांबला की मी किटली खाली ठेवतो.'

बेरिल वाकलेलीच राहिली. समोरून ट्रेव्हर म्हणाला, "काय हो, कंबर धरली का? का माझे बूट बघताय? नवीन आहेत." ट्रेव्हरने लीड्समध्ये तीस वर्षं बस चालवली होती. आता आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर मळाची पिशवी लावून हिंडायचा आणि त्या पिशवीवर सगळ्यांच्या आधी स्वतःच विनोद करायचा. बेरिल सरळ झाली, हसली, कार्ड सुलटं करून टेबलावर ठेवलं. नंबर एकवीस. टेबलाच्या अगदी तळाला, जिथे दहा मिनिटांपूर्वी तिनेच त्याला धाडलं होतं. "हा खाली जाऊ दे," ती म्हणाली होती, आणि वर ऐटीत, "ज्याला झालाय त्याचं आधी बघा. सोबतच्या माणसांची भीती वगैरे मग." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. चोवीस प्रश्नांतले दहाच ठेवायचे म्हटल्यावर कुणीतरी एक सहज खाली ढकलला की बाकीच्यांना हायसंच वाटतं.

तक्रार नाही. अख्ख्या यॉर्कशरमध्ये असं म्हणणारे लाखभर पुरुष असतील, हे तिलाही कळत होतं. तेरा पायऱ्यांचे जिने तर त्यांच्या गल्लीतच चाळीस. पण तक्रार करायला बसून पहिलं वाक्य 'तक्रार नाही' असं लिहिणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. नववी पायरीही तिची ओळखीची होती. तिथली गालिचा दाबून धरणारी पितळी सळई पंधरा वर्षं ढिली होती, आणि त्या आजाराच्या हिवाळ्यात वर मोरीत जाताना दम लागला की ती तिथेच टेकायची. खाली नऊ झाल्या, वर चारच राहिल्या असं काहीतरी मनाशी जुळवत बसायची. खालून किटलीचा आवाज यायचा आणि मग यायचा नाही. तो का यायचा नाही, याचा तिने तीन वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. उलट वाटायचं, हा माणूस साधा चहासुद्धा धड एका दमात करत नाही.

आज सकाळी हॅलिफॅक्सहून लीड्सला निघताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, स्वतःची बोटं. बेरिल केक सजवायची. चाळीस वर्षांत गावातल्या निम्म्या लग्नांच्या केकवर तिच्या हातची साखरेची फुलं होती. पाकळीची कड अंगठा आणि तर्जनीत धरून कागदासारखी पातळ करायची असते, आणि तेवढं एकच तिच्याच्याने आता होत नव्हतं. नऊ नंबरचं कार्ड त्याबद्दल होतं, केमोनंतर हातापायांचा बधिरपणा कशाने जाईल. ते वरच्या दहात बसवायचंच, असा चंग बांधून ती आली होती. वर्षभर लोकांकडून प्रश्न मागवले होते, आतड्याच्या कर्करोगाबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय म्हणून. हजाराच्या वर आले. त्यांचे गठ्ठे बांधून, ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक होती ते बाजूला काढून चोवीस उरले. आणि आज या सभागृहात चार टेबलांभोवती तीस माणसं बसली होती, पिवळा बिल्ला लावलेले रुग्ण, हिरवा लावलेले त्यांना सांभाळणारे, निळे डॉक्टर आणि नर्सा. जे दहा ठरतील ते संशोधनाला पैसा देणाऱ्यांच्या पुढ्यात जाणार. "अकरावा कुणी वाचत नाही," फिलिपाने सकाळीच सांगून टाकलं होतं. फिलिपाचं काम बोलणी सरळ चालतात ना हे बघण्याचं, स्वतःचं मत न देण्याचं. आणि तिचा एकच नियम होता, कार्ड कुणीही हलवू शकतं, फक्त का हलवलं ते मोठ्याने सांगायचं.

का ते मोठ्याने सांगायचं. चहाची सुट्टी झाली तशी बेरिल कप घेऊन खिडकीशी गेली. खाली गाड्यांच्या तळावर त्यांची हिरवी गाडी उभी होती आणि स्टिअरिंगवर वर्तमानपत्र पसरून क्लिफ आत बसला होता. शेजारी थर्मास. त्यालाही बोलावणं होतं, त्याच्या नावाने वेगळं पत्र आलं होतं, हिरव्या बिल्ल्याचं. त्याने ते शेल्फावरच्या घड्याळाखाली सरकवलं आणि म्हणाला, "मी काय करणार तिथं? मध्ये अडगळ. तुझं दुखणं, तू बोल. मी सोडतो आणि नेतो." तिला ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं. वर थोडा रागही आला की बघा, एवढं सगळं झालं तरी याला काही विचारावंसं वाटत नाही. खिडकीतून ती बराच वेळ बघत राहिली. वर्तमानपत्राचं पान काही उलटत नव्हतं. इतक्या वेळात अख्खा अंक वाचून व्हायचा, अगदी हिरवळीवरच्या बोल्स खेळाच्या निकालांसकट.

आणि मग तो रविवार आठवला, आणि तिला बसावंसं वाटलं. कार्डांची यादी आधी घरी आली होती, आपले वरचे तीन आणि खालचे तीन मनाशी ठरवून या म्हणून. क्लिफ ओट्याशी बटाटे सोलत होता आणि ती टेबलाशी बसून एकेक मोठ्याने वाचत होती, कारण एकटीने वाचायचा तिला कंटाळा. "हे ऐक, एकवीस नंबर. उपचार संपल्यावर सांभाळणाऱ्या माणसाच्या मनातली भीती किती काळ टिकते आणि तिला उतार कशाने पडतो? आता सांग, याच्यावर कोण पैसा घालणार?" आणि ती हसली होती. हसली होती! क्लिफने बटाटा पाण्यात टाकला. "ठेव तळाला," तो म्हणाला. "आजारी तू होतीस." मग थोड्या वेळाने, "सालं जाड निघतायत आज," एवढंच. आपलाच प्रश्न आपल्याच बायकोच्या तोंडून ऐकून, त्यावर तिचं हसणं ऐकून, त्याने बटाटे सोलले, उकडले, आणि जेवायला वाढले. तिने दोनदा मागून घेतले होते.

लिहिलं तरी कधी असेल त्याने? तेही मग आठवलं. इस्पितळाच्या लांब बोळात शबनम नर्सच्या खोलीबाहेर प्रश्न मागवणाऱ्या पत्रकांचा गठ्ठा असायचा. एकदा तपासणीहून बाहेर आली तेव्हा क्लिफ गुडघ्यावर काहीतरी ठेवून पेन्सिलीने लिहीत होता. शब्दकोडं असणार, असं ती धरूनच चालली. "सुटलं का?" तिने विचारलं होतं. "एक अडलंय," तो म्हणाला होता. तिची थोरली बहीण तर उघडच म्हणायची, तुझा नवरा म्हणजे दगड. बेरिल वरवर नवऱ्याची बाजू घ्यायची आणि आतून अर्धी कबूल असायची. कारण त्या सहा महिन्यांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं, कसं वाटतंय. खिडक्या धुतल्या. परत धुतल्या. ती रडली की शेजारच्या खोलीत जाऊन काहीतरी दुरुस्त करायचा. घरात जेवढं मोडकं होतं तेवढं त्या हिवाळ्यात दुरुस्त झालं. राहिली ती एक सळई, नवव्या पायरीवरची. ती मात्र त्याने तशीच ठेवली. पाय पडला की ती वाजते. आत्ता, गार झालेला चहा हातात धरून, बेरिलला कळलं ती का ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ती तर वळसा घालून लीड्सपर्यंत आली होती. डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं आपल्या पावलांकडे कुणीतरी कान लावून बसलं होतं आणि आपण एकट्याने जिना चढतोय असं समजत होतो, याची लाज आणि त्याहून मोठी कृतज्ञता, दोन्ही एकदमच आली. कप खाली ठेवावा लागला.

पण आता करायचं काय? सांगावं, हे माझ्या नवऱ्याचं आहे, तर सगळे विरघळतील, प्रश्न वर जाईल. आणि क्लिफ? ज्या माणसाने घरात कधी ब्र काढला नाही, त्याने नाव न लावता एका कागदाला काय ते सांगितलं, ते तीस परक्या माणसांपुढे उघडं करायचं, आणि तेही तो खाली गाडीत बसलेला असताना? नाही सांगितलं तर प्रश्न तळाला मरणार, आणि तोही तिच्याच हातून. जागेवर परत येताना तिचं काहीच ठरलेलं नव्हतं. तिने एकवीस नंबर उचलला, दोन्ही हातांनी, डोळ्यांनी बघून, आणि मधल्या रांगेत ठेवला.

"अहो, मघाशी याला तळाला घातलंत ते कोण होतं?" ट्रेव्हर म्हणाला. "तुमची जुळी बहीण?"

"मीच. माझं चुकलं."

"का हलवताय ते सांगाल?" फिलिपाने हळूच विचारलं.

"मला वाटलं, हा कुणातरी कुरकुऱ्या माणसाचा प्रश्न आहे," बेरिल म्हणाली. "मागचं वाचलं नव्हतं. हा कुरकुर न करणाऱ्या माणसाचा आहे. अशी माणसं एकदाच बोलतात. तेव्हाच ऐकलं नाही तर संपलं."

डॉक्टर ओकाफोर यांनी कार्ड उलटून वाचलं. शल्यविशारद, उंच, बोलायला सौम्य. बेरिलचं आतडं त्यांनी कापलं नव्हतं, पण कुणाकुणाची कापली असतील. "मला वाचून वाईट वाटतं," ते म्हणाले, "खरंच वाटतं. पण बेरिल, संशोधन नेमकं कशाचं करायचं? पायऱ्या मोजण्यावर औषध काय देणार मी?"

ओठांवर आलं होतं. तो खाली बसलाय, जाऊन विचारा त्यालाच. तिने ते गिळलं. "ते मला कसं माहीत असणार, डॉक्टर? मला माहीत असतं तर प्रश्न कशाला झाला असता? तुम्हाला उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न निवडायचे असतील तर आम्हाला सँडविचं खायला बोलावलंत का?"

ट्रेव्हर खदखदून हसला. डॉक्टरही हसले, कानशिलं लाल करून. मग शबनम बोलली, तीच बोळातली शबनम, ब्रॅडफर्डची, सकाळपासून गप्प होती. "पेशंट आला की मी विचारते, झोप लागते का, जेवण जातं का, भीती वाटते का. बावीस प्रश्नांचा कागद आहे माझ्याकडे. आणि सोबत आलेल्या माणसाला मी काय विचारते ठाऊक आहे? गाडी लावायला जागा मिळाली का. चौदा वर्षं एवढंच विचारतेय. आणि सगळे म्हणतात, हो, मिळाली." तिने बेरिलकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते बेरिलने तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

त्यांच्या टेबलावर एकवीस नंबर नववा आला. पण चारही टेबलांची बेरीज करून कार्डं मधल्या लांब टेबलावर मांडली तेव्हा तो बाविसावा होता. बाकी तिन्ही टेबलांनी त्याला तळाला टाकलं होतं. बेरिलचा बधिर बोटांचा प्रश्न सहावा होता. जिच्यासाठी ती आली होती ती गोष्ट झाली होती, आता तोंड मिटून घरी जायला हरकत नव्हती. तीसही माणसं टेबलाभोवती उभी होती, अवघडलेली, कोट हातात घेतलेली. फिलिपाने विचारलं, "कुणाला काही हलवायचं आहे?" "एकवीस," बेरिल म्हणाली. "मला एवढंच विचारायचंय, हा आज सकाळी तळाला कुणी घातला? माझ्या टेबलावर मी घातला होता. बाकीच्या टेबलांवर कुणी?"

मग एका टोकाला लोकरी टोपीतल्या एका बाईने हात अर्धवट वर केला. "मी," ती म्हणाली. "माझ्या भावाला होता. मला वाटलं, आपण कोण? आपल्याला काही झालं नाहीये." मग एका म्हाताऱ्याने. मग आणखी एकीने, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या एका तरुण बापाने. चार हात. बेरिल बघत होती आणि आता बाकीचेही बघायला लागले. चारही हातांच्या खाली हिरवे बिल्ले होते. सांभाळणाऱ्यांचा प्रश्न सांभाळणाऱ्यांनीच उचलून तळाला ठेवला होता, सभ्यपणे, रांगेत दुसऱ्याला पुढे जाऊ द्यावं तसा. "ठेव तळाला. आजारी तू होतीस." तीन टेबलांवर चार क्लिफ. दिवसभर एकही मत न देणाऱ्या फिलिपाने चष्मा काढून पुसला आणि परत घालायला विसरली.

डॉक्टर ओकाफोर यांनी स्वतः पुढे होऊन कार्ड वर सरकवलं, अठराव्यावर. "याचं औषध मला देता येणार नाही," ते म्हणाले, "म्हणूनच." टोपीवाल्या बाईने ते आणखी वर नेलं. कुणी कारण सांगितलं, कुणी नुसतीच मान हलवली, आणि ते अकराव्या जागेपर्यंत येऊन अडलं. दहाव्यावर ट्रेव्हरचं कार्ड होतं, गळणाऱ्या पिशव्यांचं, ज्याच्यासाठी तो सकाळपासून घसा कोरडा करत होता. ट्रेव्हरने कार्डाकडे बघितलं, मग स्वतःच्या नव्या बुटांकडे. "माझी बायको म्हणाली, तू जा, मी तोवर बाजारात बटणं बघते," तो म्हणाला. "पाच तास झाले. पाच तास कुणी बटणं बघतं का?" त्याने आपलं कार्ड उचलून अकराव्यावर ठेवलं. "पिशवी गळली तर मला निदान कळतं तरी." हसावं की नाही ते कुणालाच समजेना, म्हणून सगळे एकदम हसले, आणि बेरिलने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, जे तिने सख्ख्या भावाचेही कधी घेतले नसते.

खाली येऊन तिने गाडीचं दार उघडलं. क्लिफने घाईने वर्तमानपत्र दुमडलं. "झालं? मग? तुझी बोटं बसली का?"

"सहावी."

"वा! हे झकास झालं." तो मनापासून खूष झाला होता. तिने इतकी वर्षं त्याचा चेहरा नीट बघितलाच नव्हता की काय? थर्मासमध्ये तिच्यासाठी एक कप राखून ठेवलेला होता. तिने तो घेतला. चहा कोमट होता आणि तिला फार आवडला. हॅलिफॅक्सचा रस्ता लागेपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलत राहिली, ट्रेव्हरबद्दल, सँडविचांबद्दल. मग काचेबाहेर बघत म्हणाली, "एकवीस नंबर पण आला. दहावा."

गाडीचा वेग तसूभरही बदलला नाही. एक चढ संपला, डावीकडे मेंढ्या गेल्या. "तो तर तू तळाला घातला होतास," क्लिफ म्हणाला.

"चुकले होते."

"कुणी वर काढला?"

"काढला आम्ही सगळ्यांनी मिळून."

"तक्रार नाही," क्लिफ म्हणाला, आणि मग त्याने खाकरून रेडिओ लावला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. बोटांना काही कळलं नाही, पण तिने बघितलं तेव्हा त्याने हात तिथेच राहू दिला होता, गियर बदलायचा असूनही.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. तो नेहमीप्रमाणे कोट न काढताच स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडला. ती घरातल्या चपला घालून जिना चढायला लागली. सहा, सात, आठ. आज तीही त्याच्यासारखी एकेक मोजत होती. नववीवर पाय पडला, सळई वाजली, आणि जुन्या सवयीने ती क्षणभर थांबली. खाली नळ बंद झाला. किटली ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. घर पूर्ण गप्प झालं आणि त्या गप्पपणात एक माणूस श्वास धरून उभा होता. तीन वर्षं रोज उभा होता. हा आवाज तिला कधी ऐकू आला नव्हता, आज येत होता. तिने कठड्याला धरलं.

"क्लिफ," ती तिथूनच म्हणाली, "सळई वाजली, बाकी काही नाही. मी बरी आहे. चारच राहिल्या."

खालून त्याचा आवाज आला. "हो. चारच."

"मोज हं," ती म्हणाली, आणि मुद्दाम पाय आपटत चढली, दहा, अकरा, बारा, तेरा. वर पोचल्यावर ती थांबून ऐकत राहिली, खाली परत नळ सुरू होईपर्यंत.